थप्पीवरची रेंज

आमच्या बांबू डेपोत साहेब नाई. साहेब म्हणजे गावच. जंगल ग्रामसभेचं, बांबू ग्रामसभेचा, अन् डेपोवर पगारी ठेवलेले तिघं बी गावातलेच. आता मले सांगा, ज्या पोट्ट्याले कडेवर घेऊन फिरवलं, ज्याचा शेंबूड पुसला, त्याले कामाच्या जागी झापायचं कसं? पण मी झापते. ग्रामसभेनं डेपोची देखरेख माह्याकडं देली ती माह्या तोंडापायीच देली, असं लोक म्हणतात. म्हणू दे. तोंड आहे तं आहे.

डेपो गावाच्या बाहेर, नाल्याच्या काठाले. कुरखेड्याचा डांबरी रस्ता सोडून आत आलं की मधात एक टेकाड आडवं पडते, अन् त्या टेकाडापायी आमच्या गावात मोबाइलची रेंज येत नाई. फोन साऱ्यायकडं आहे. बाजाराच्या दिवशी गाणे भरून आणायचे, फोटो काढायचे, अंधारात बॅटरी लावायची, एवढाच त्याचा उपेग. आमचं बरं चाललं होतं.

मंग दिवाळीनंतर लांब बांबूची मोठी थप्पी लागली. बांबूचे बंडल एकावर एक रचत गेले अन् ढीग घराच्या आढ्याएवढा उंच झाला. सगळ्यात वरचा बंडल बसवायले त्या तिघायतला पवन चढला, तं त्याच्या खिशातला फोन टणटण वाजू लागला. कवाचे अडकलेले मेसेज एकदम पडले. पोट्टा वरूनच बोंबलला की मोठीमाय, इथी पूर्ण रेंज आहे. आम्ही मोहाच्या झाडावर चढून पाहिलं, डेपोच्या छपरावर चढून पाहिलं, तिथी काही नाई. टेकाडाच्या वरून टॉवरची हवा जी काय येत असन ती फक्त त्या थप्पीच्या माथ्यावर उतरत होती. त्या दिवसापासून आमच्या डेपोचं काम जमिनीवरून उठलं अन् थप्पीवर जाऊन बसलं.

पवन माह्या दिराचा पोरगा, डेपोचा मुनशी. आलेला-गेलेला माल लिहून ठेवायचं काम त्याचं. पण त्याचं सारं ध्यान साताऱ्याकडच्या एका माणसाशी भांडण्यात. त्या माणसानं कुठीतरी लिहिलं होतं की मटणाच्या रश्श्यात खोबरं पाहिजेच. पवननं लिहिलं, नाई पाहिजे. तिथून जे सुरू झालं ते होळीपर्यंत चाललं. मी एकदा विचारलं, बापा, तुह्या घरी मटण होते कवा? तं म्हणते, मोठीमाय, हे तत्त्वाचं आहे.

करिश्मा बंडल मोजणारी. बारावी झालेली, हुशार पोट्टी, पण एक बंडल मोजला की एक व्हिडिओ काढे. वारं केसात आलं पाहिजे म्हणून थप्पीच्या एकदम कडेले उभी राहे. मी खाली हात पसरून उभी राहत होती. अन् तिसरा कोलूभाऊ, आमचा चौकीदार. साठीचा माणूस, माह्या मालकाचा जुना सोबती, रानातल्या पायवाटा डोळे मिटून सांगणारा. तो सगळ्यायच्या पुढं निघाला. त्याले गालिचे धुण्याच्या व्हिडिओचं याड लागलं. कुठीचा तरी माणूस चिखलानं भरलेला गालिचा आणते, त्याच्यावर पाणी मारते, साबण घासते, काळं पाणी निपटून काढते, अन् मंग खालून लाल-निळे फुलं निघतात. कोलूभाऊनं जन्मात गालिचा पाहिला नाई. पण डोळे असे लावून बसे, की ट्रकवाला खाली भोंगा वाजवून वाजवून थके तरी याले ऐकू येत नव्हतं. एकदा बकऱ्या आल्या अन् त्याची शिदोरी फडक्यासकट खाऊन गेल्या. भाऊ वरूनच पाहून राह्यला होता, पण गालिचा संपायचा होता म्हणून उतरला नाई.

मी काय कमी बोंबलली? मी नियम काढला की सकाळी आल्याबरोबर फोन टोपलीत. मंग काय, पवनले बेरजेसाठी फोन पाहिजे, करिश्माले टाइम पाहायले पाहिजे. कोलूभाऊले तं काही कारणच सुचेना, तो नुसता टोपलीजवळ येऊन बसून राहे, आजारी माणसाजवळ बसतात तसा. आठवडा नाई झाला अन् टोपली पुन्हा मोह वेचायले गेली.

अन् खरं सांगायचं तं दुपारच्या सुटीत पवनचा फोन घेऊन मी बी थप्पीवर चढत होती. पण माह्यं कारण वेगळं होतं. माहा लालसू, माहा एकुलता एक पोरगा, डेपो नव्हता तवा बायकोले घेऊन तेलंगणात मिरची तोडायले गेला अन् तिथल्याच एका मळ्यावर राहून गेला. पोरगी बी तिथीच जन्मली. नात माही. तिले मी मांडीवर घेतली नाई, न्हाऊ घातली नाई, फक्त फोनच्या काचेत पाहिली. ती काचेत बोट लावे, मी इकडून बोट लावत होती. लुगडं खोचून बांबूवर चढतानी माह्ये गुडघे कसे दुखत हे मलेच माहीत, पण चढत होती.

लालसूचं म्हणणं एकच. डेपोचं काम बारमाही पक्कं झालं तं येतो, नाई तं दोन महिन्यासाठी बिऱ्हाड हलवत नाई. अन् ग्रामसभेचं म्हणणं बी एकच. या हंगामाचा माल पावसाच्या आधी उचलला गेला नाई तं डेपो बंद करायचा. म्हणजे बांबू गेला तं डेपो टिकते, अन् डेपो टिकला तं लालसू घरी येते. एवढं सरळ होतं.

पण बांबू जाऊन नव्हता राह्यला. बाकीच्या थप्प्या लागायच्या अन् उठायच्या, ती मोठी थप्पी मात्र जागची हालत नव्हती. मले वाटे, गिऱ्हाईक मिळून नाई राह्यलं. लय मागून समजलं की गिऱ्हाईकं येत होते, बोट दाखवत होते, अन् माह्ये हे तीन शहाणे त्यायले सांगत होते की ते बुक आहे. सगळ्यात चांगला माल, सगळ्यात जुना माल, अन् त्याच्यावर हे बसलेले. जुना बांबू जास्त दिवस पडला की त्याले घुण लागते, आतून पिठावाणी भुकटी होते. पण गालिच्यापुढं बांबूची कोणाले पडली?

असं होत होत चैत लागला, अन् चंद्रपूरचा व्यापारी हेमराजभाऊ आला. जुना माणूस, आमच्या भागात हयात गेली त्याची. मी त्या दिवशी वाहतुकीच्या पासासाठी कुरखेड्याले गेली होती, म्हणून पुढचं सारं मले मागून समजलं. हेमराजभाऊ म्हणाला की आहे तेवढा सारा माल उचलतो, पुढच्या हंगामाचा बी मीच घेतो, पण लांब बांबू पाहिजे. अन् त्यानं मोठ्या थप्पीकडं बोट दाखवलं. पवन म्हणाला, बुक आहे. हेमराजभाऊनं विचारलं, कोणाच्या नावानं? पवन वही चाळू लागला. करिश्मा आभाळाकडं पाहून राह्यली. वर कोलूभाऊ बसलेला, हातात फोन, गालिच्याचा अर्धा भाग धुवून झालेला अन् अर्धा बाकी. त्याच्या तोंडातून निघून गेलं, की पेनाच्या नावानं आहे जी.

पेन म्हणजे आमचा देव. आमच्याकडं एखादं झाड, एखादा बकरा, धानाची एखादी रास देवाच्या नावानं बोलली, की ती देवाची झाली. मंग ती विकायची नाई, तिले पाय लावायचा नाई, तिच्यावर बसायचं तं नावच घ्यायचं नाई. हेमराजभाऊले हे माहीत होतं. त्यानं चपला काढल्या, थप्पीपुढं हात जोडले, अन् मंग वर पाहून सावकाश विचारलं, की मंग तुम्ही कसे बसले जी वरतं? कोलूभाऊ उतरला. उतरतानी फोन खिशात टाकला, अन् तो गालिचा तसाच अर्धा राहिला.

हेमराजभाऊ जातानी सांगून गेला की येत्या बाजारापर्यंत वाट पाहतो. लांब बांबूशिवाय त्याचा ट्रक भरत नाई, अन् अर्ध्या मालासाठी तो दुसऱ्यांदा येणार नाई. रस्त्यावर चहा पेतानी त्यानं देवाच्या थप्पीची गोष्ट सांगितली, अन् माही बस यायच्या आधी गोष्ट गावात पोहोचली. गावचा पुजारी देवाजीभाऊ, देवाचं सारं तोच पाहते. त्याले आपल्याले न विचारता देवाले काही बोललं गेलं याचा राग आला, पण देवाचं नाव निघालं म्हटल्यावर तो हळद-तांदूळ घेऊन डेपोत गेला अन् थप्पीले हळद लावून आला. मी बसमधून उतरून डेपोत गेली तं बाया थप्पीपुढं डोकं टेकून राह्यल्या होत्या. मी बी टेकलं. मले वाटलं, माह्या मागं काही मोठं झालं असन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेपोत गेली, अन् ते तिघं मले जमिनीवर दिसले. बसले होते ओळीनं, थप्पीकडं तोंड करून, आंघोळ घालून उन्हात बसवल्यासारखे. करिश्माचा अंगठा रिकाम्या तळहातावर वरखाली फिरून राह्यला होता. पवननं फोन एका लांब बांबूले बांधून वर धरला होता, रेंज पकडायले, पण फोन वर गेला तं पाहणार कोण? आता थप्पीवर चढता येत नव्हतं. देवाच्या वस्तूवर कोणता पोट्टा पाय ठेवन? ज्या रेंजसाठी देवाचं नाव घेतलं, ती रेंजच देवाकडं गेली. मले आधी काही समजलं नाई. मंग कोलूभाऊकडं पाहिलं अन् त्यानं मान खाली घातली, तवा माह्या डोक्यात उजेड पडला.

मी पवन अन् करिश्माले पाणी आणायले नाल्यावर पाठवलं अन् त्याच्यापुढं जाऊन बसली.

"कोलूभाऊ, पेनानं कवा मागितली ही थप्पी?"

त्यानं खिशातला फोन काढून खाली ठेवला. मंग म्हणाला, "मागितली नाई, कलाबाई."

"मंग?"

"त्या गालिच्याचं अर्धं राहिलं होतं."

माह्या अंगाची आग आग झाली. माहा लालसू तिकडं दुसऱ्याच्या मळ्यावर राबून राह्यला, माही नात तेलुगूत पाणी मागते, अन् इकडं हा शहाणा माणूस गालिच्यापायी देवाले मधात आणते. मी त्याले जे बोलली ते इथी सांगता येत नाई. पण बोलता बोलता मले हसू आलं, अन् हसता हसता रडू. त्यानंच मंग म्हटलं की मी ग्रामसभेत उभा राहतो, साऱ्यायपुढं सांगतो. म्हाताऱ्या माणसाले हे सोपं नाई. माहा राग तिथीच अर्धा झाला.

ग्रामसभा मोहाच्या झाडाखाली बसते. आमच्याकडं हात मोजून ठराव होत नाई. जेवढे बसले तेवढ्यायनं हो म्हटलं पाहिजे, एकानं जरी नाई म्हटलं किंवा तोंड मिटून राहिला, तं विषय तिथीच थांबते. दुपारी सारं गाव जमलं. कोलूभाऊ उभा राहिला, टोपी काढली अन् सांगितलं की देवानं काही मागितलं नव्हतं, मले बसायले जागा पाहिजे होती. त्याच्या मागं पवन उभा राहिला, मंग करिश्मा. कोणी हसलं नाई. माह्या बाजूची गुणाबाई तेवढी पदरात तोंड घालून हलून राह्यली होती, पण ते रडणं होतं का हसणं, मी विचारलं नाई.

देवाजीभाऊ सावकाश उठून उभा राहिला. त्याले राग आला असन असं मले वाटलं. पण त्याचा आवाज थंड होता. तो म्हणाला की खोटं बोलले तरी नाव देवाचं घेतलं, ते काही परत येत नाई. बांबू देवाले द्यावाच लागन. पण ज्याच्यावर हे तिघं बसून लोळले, ते उष्टे बांबू देवाले कायले पाहिजेत?

"तुम्ही तिघं रानात जा," तो म्हणाला. "आतल्या पहाडीवर. देवाच्या मांडवाले लागतात तेवढे बांबू स्वतः कापा अन् खांद्यावर आणा. सारं गाव हो म्हणत असन, तं ही थप्पी आजपासून पुन्हा गावाची."

आतल्या पहाडीवर रेंज नाई, रस्ता नाई, अस्वलं आहेत. तरी पवननं मान हलवली. मंग देवाजीभाऊनं एकेकाकडं पाहत विचारणं सुरू केलं. हो, हो, हो. बाया हो, माणसं हो. हो करत करत माह्यापर्यंत आलं.

अन् माह्यं तोंड उघडेना. राजेहो, खोटं नाई सांगत, त्या वेळेपर्यंत माह्या ध्यानातच नव्हतं आलं. थप्पी ट्रकवर चढली तं माह्यं काय जाणार, हे मले तिथी बसल्या बसल्या समजलं. ती थप्पी म्हणजे माह्या लालसूचं तोंड होतं. माही नात त्या बांबूच्या माथ्यावर राहत होती. थप्पी गेली तं पोराले ये म्हणून सांगू तरी कशी? अन् थप्पी नाई गेली तं ये म्हणून सांगायले उरते काय? गाव सारं माह्याकडं पाहून राह्यलं. ज्या बाईनं चार महिने या पोट्ट्यायले फोनपायी शिव्या घातल्या, तीच आता गप. मी गप राहिली असती तं थप्पी तिथीच राहिली असती, कोणी मले एक शब्द बोललं नसतं. आमची रीतच तशी आहे.

कोलूभाऊनं मागं वळून पाहिलं. त्याले समजलं. तो एवढंच म्हणाला, "कलाबाई, तुले बी?"

मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, मले माहीत होतं हळू म्हटलं तं आवाज कापन.

बाजाराच्या आधी हेमराजभाऊचे ट्रक आले. बंडल उतरू लागले तसे मी डेपोच्या मागं जाऊन बसली, मले पाहवलं नाई. खालच्या थरात थोडा घुण लागला होता, बाकी माल सोन्यासारखा निघाला. हेमराजभाऊनं पुढच्या हंगामाचा बी शब्द देला. डेपो टिकला. मी निरोप पाठवावा म्हटलं तं बाजारच्या गावी जाऊन पवनच्या फोनवरून लालसूले फोन लावला, लागेना. दुसऱ्या बाजाराले लावला, तरी लागेना. मंग मले नाई नाई ते सुचू लागलं, पण कोणाले सांगितलं नाई.

ते तिघं पहाडीवरून बांबू घेऊन आले, खांदे सोललेले, तोंडं काळी पडलेली, अन् खाण्यावर तुटून पडले. मांडव उभा झाला. पवननं रानात एक हरणटोळ साप पाहिला, त्याचीच गोष्ट चार दिवस सांगत होता. साताऱ्याच्या माणसाचं नाव नाई. करिश्मा आता बंडल एकदाच मोजते अन् बरोबर मोजते, फक्त मोजतानी केस मागं उडवते, ती सवय काही गेली नाई. अन् कोलूभाऊनं ग्रामसभेची जुनी दरी, म्हणजे सभेले अंथरायची सतरंजी, मागितली. कवाची मळून काळी झालेली दरी, तिचा रंग कोणाले आठवत नव्हता. ती त्यानं नाल्यात नेली, दगडावर पसरली, रिठे घातले अन् घासू लागला. काळं पाणी वाहू लागलं. खालून हिरवी पट्टी निघाली, मंग लाल. अर्धं गाव काठावर बसून पाहून राह्यलं. मी बी. काम सोडून पाहून राह्यली, खोटं कायले बोलू. या वेळेस त्यानं अर्धी सोडली नाई.

आम्ही तिथी बसलो असतानीच रस्त्याकडून कोणी येतानी दिसलं. डोक्यावर गाठोडं, मागं बाई, कडेवर लेकरू. मले वाटलं, कोणाचे पाव्हणे असतीन. जवळ आला तवा ओळखला. लालसू. वाळला होता.

मी काही विचारायच्या आधी तोच चिडला. म्हणे, किती दिवस झाले पवनचा फोन लावून राह्यलो, लागतच नाई, तू थप्पीवरून पडली का काय झालं, मले झोप नाई, शेवटी मालकाले सांगून निघून आलो.  त्याचा स्वतःचा फोन तं कवाचा बिघडला होता, लावत होता तो मळ्याच्या मालकाच्या फोनवरून. मी म्हटलं, बापा, पडली नाई, थप्पी विकली. डेपो पक्का झाला. तो गाठोडं खाली ठेवून तिथीच नाल्याच्या काठावर बसला.

सुनेनं पोरीले माह्याकडं देलं. मले वाटलं, अनोळखी बाई म्हणून रडन. रडली नाई. माह्या तोंडाकडं पाहत राहिली, लय वेळ. मंग तिनं बोट काढलं, माह्या गालावर ठेवलं, अन् इकडून तिकडं सरकवलं, काचेवर सरकवतात तसं. जुनी आजी जाऊन दुसरं काही येते का, पाहत असन.

मी तिथीच होती. तिनं पुन्हा सरकवलं. मी तिथीच होती.